बुडाल्यानंतरचे जहाज

४ ऑगस्ट २०११ रोजी ‘राक कॅरियर’ हे पनामाचा झेंडा लावलेले मालवाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. इंडोनेशियाहून गुजरातेतल्या दहेजकडे ते ६०,०५४ टन कोळसा घेऊन निघाले होते. जहाजावरचे तीसही जण वाचले. ऐन पावसाळ्यात टाक्यांतले तेल गळू लागले, तवंग किनाऱ्याकडे सरकला, काही दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला. कोळसा समुद्रतळावरच राहिला. पाच वर्षांनी, २३ ऑगस्ट २०१६ रोजी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निकाल दिला. जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि मालाच्या संदर्भात अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये पर्यावरण भरपाई भरण्याचा आदेश झाला. तळाशी पडून राहिलेला कोळसा हेही प्रदूषणच आहे, ही भूमिका या निकालाच्या मुळाशी होती.

बुडालेले जहाज कोणाचे, ते वर कोणी काढायचे, काढता येत नसेल तर त्याचे काय करायचे आणि हा सगळा खर्च कोणी सोसायचा, या चार प्रश्नांभोवती जी विद्याशाखा उभी आहे तिला जगभर सॅल्व्हेज म्हणतात. तिच्यात नौकाबांधणी येते, द्रवांचे भौतिकशास्त्र येते, पाणबुड्यांचे कसब येते, सागरी कायदा आणि विमा येतो, आणि अलीकडच्या काळात पर्यावरणशास्त्र व पुरातत्त्वही येते. मराठीत या विषयावर सलग असे लेखन फारसे झालेले नाही. आपला किनारा जुना, आपले खलाशी जुने, मुंबईची गोदी तर देशाच्या व्यापाराचे प्रवेशद्वार. तरीही जहाज बुडाल्यानंतर काय होते, हे आपल्या वाचकाला पूर्वीच सांगायला हवे होते. या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याचे स्वागत करावे आणि त्याला वाट दाखवावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

ही प्रस्तावना भोपाळमध्ये लिहिली आहे, याचे कुणाला नवल वाटेल. येथे बंदर नाही, भरती-ओहोटी नाही. पण भोपाळपासून फार लांब नसलेल्या बीनाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात येणारे खनिज तेल गुजरातच्या वाडिनारला जहाजातून उतरते आणि ९३५ किलोमीटरच्या वाहिनीतून येथवर पोचते. समुद्रावर काही बिघडले तर त्याची झळ माळव्यालाही लागते. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री या शहरात विषारी वायू पसरला. कारखाना बंद पडला, खटले चालले, नुकसानभरपाईचे आकडे ठरले. पण आवारात साठलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलायला २०२५ चा जानेवारी उजाडला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला. अपघाताची रात्र संपते, मागे उरलेल्या वस्तूची जबाबदारी संपत नाही, हे भोपाळकरांना कुणी वेगळे शिकवायला नको. हरित न्यायाधिकरणाचे मध्य विभागाचे खंडपीठ याच शहरात बसते. म्हणून समुद्रतळावरच्या जहाजाकडे भोपाळमधून पाहताना खजिन्याच्या आधी जबाबदारी दिसते, आणि या विषयात शिरण्यासाठी तीच योग्य बाजू आहे, असे मला वाटते.

प्रथम तंत्राकडे वळू, कारण कायद्याच्या अनेक तरतुदींचे मूळ तेथे आहे. बुडालेले जहाज म्हणजे पाण्यातले लोखंडाचे ओझे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आर्किमिडीजच्या नियमाने १०० टन पोलाद समुद्राच्या पाण्यात सुमारे ८७ टनच भरते, म्हणजे पाणी थोडी मदत करते. अडचण वेगळीच असते. जहाजाच्या पोटात शिरलेला गाळ, भिजून फुगलेला माल, वाकलेल्या पत्र्यांमुळे कमजोर झालेला सांगाडा आणि तळाच्या चिखलाने धरलेली पकड यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. चिखलातून जहाज सुटताना लागणारा जोर त्याच्या पाण्यातल्या वजनापेक्षा बराच जास्त असू शकतो. आणि ते एकदा सुटले की तोच जोर अनावर होतो. त्यामुळे कामाची सुरुवात उचलण्याने होत नाही, पाहणीने होते. सोनारने तळाचा नकाशा काढतात, दूरनियंत्रित यंत्र किंवा पाणबुडे खाली जाऊन भगदाडे, कलंडलेला कोन, टाक्यांची स्थिती तपासतात, आणि मूळ बांधणीचे आराखडे समोर ठेवून गणित केले जाते.

मग येते तेल. जहाज वर काढायचे असो वा नसो, टाक्यांतले इंधन आधी काढावे लागते. ‘हॉट टॅपिंग’ नावाची त्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पाणबुडा टाकीच्या पत्र्यावर झडप बसवलेली एक जाड चकती बोल्टने घट्ट आवळतो. झडप उघडी ठेवून तिच्यातूनच ड्रिल आत घालतात आणि पत्र्याला भोक पाडतात. ड्रिल मागे घेताच झडप बंद होते. बाहेर थेंबही न सांडता टाकीला तोटी बसलेली असते. त्या तोटीला नळी जोडून तेल वरच्या जहाजावर ओढतात. जड इंधन तेल थंड पाण्यात गोठल्यासारखे घट्ट होते, म्हणून ते आधी ऊब देऊन पातळ करावे लागते. असे भोक प्रत्येक टाकीला, नेमक्या जागी, अंधारात हाताने चाचपून पाडायचे असते. या कामात घाई चालत नाही.

त्यानंतर जहाज वर आणण्याचे मार्ग. भगदाडे बुजवून पाणी उपसणे, दाबाखालची हवा भरून पाणी बाहेर ढकलणे, दोन्ही बाजूंना तराफे बांधून भरतीचा उपयोग करणे, तरंगत्या क्रेनने उचलणे, कलंडलेले जहाज केबलांनी ओढून सरळ उभे करणे, आणि काहीच जमत नसेल तर कापून तुकडे वर आणणे. हवेच्या वापरातला धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. ४० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. तेथे भरलेली हवा जहाजाबरोबर वर येऊ लागली की पसरत जाते आणि पृष्ठभागापाशी पाचपट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट ठेवली नसेल तर जहाज उसळी घेते, एका अंगाला झुकते आणि पुन्हा बुडते. २००२ मध्ये इंग्लिश खाडीत बुडालेले ‘ट्रायकलर’ सुमारे तीन हजार मोटारी घेऊन निघाले होते. ते केबलने कापून नऊ तुकड्यांत काढावे लागले. १९६४ मध्ये कुवेतच्या बंदरात ‘अल कुवेत’ हे मेंढ्या वाहणारे जहाज उलटले. मेलेल्या जनावरांमुळे शहराच्या पिण्याच्या पाण्यालाच धोका निर्माण झाला. कार्ल क्रॉयर या डॅनिश संशोधकाने जहाजात पॉलिस्टायरीनचे कोट्यवधी हलके गोळे पंपाने सोडले आणि जहाज वर आले. युक्ती चर्चेत राहिली. पण ते जहाज तातडीने काढावे लागले ते पिण्याच्या पाण्यासाठी, हा भाग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा.

मराठी वाचकासाठी या विषयाचे सर्वांत मोठे प्रकरण घरच्या अंगणातले आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ हे १९४२ मध्ये कॅनडात बांधलेले मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या आणि तेलाची पिंपे चढवली गेली. शिवाय ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात ठेवू नयेत, हे गोदीतल्या कुणालाही कळत होते. पण युद्धकाळात जागा मिळेल तेथे माल भरला जात होता. १४ एप्रिलला दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. धक्क्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. शेजारचे ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन त्याचा मागचा भाग गोदीतल्या शेडवर जाऊन पडला. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान मृत्यू पावले. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

ही हकीकत बहुतेक वेळा येथे थांबते. आपल्या विषयाची सुरुवात येथून होते. डझनभर जहाजे नष्ट झाली किंवा गोदीतच बुडाली होती आणि युद्धसामग्री उतरवणारे देशाचे मुख्य बंदर बंद पडले होते. सुमारे ८,००० माणसे सात महिने राबली आणि जवळपास पाच लाख टन मलबा हलवला, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली. मोडलेली जहाजे, कोसळलेली शेड, गाळ, न फुटलेले तोफगोळे आणि मृतदेह, सगळे एकाच पाण्यात होते. सोन्याची एक वीट दूरवरच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली आणि घरमालकाने ती परत केली, ही गोष्ट मुंबईत अजून सांगितली जाते. त्या सात महिन्यांची गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही. मलबा उपसणाऱ्या त्या हजारो मजुरांची, पाणबुड्यांची आणि गोदी कामगारांची नावे शोधणे हे मराठी अभ्यासकापुढचे मोठे काम आहे. पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढतानाही तेथे सोन्याच्या विटा सापडल्या.

तंत्राइतकाच गुंतागुंतीचा आहे कायदा. सॅल्व्हेजचे जुने सूत्र ‘काम फत्ते नाही तर मोबदला नाही’ असे आहे. संकटातल्या जहाजाला मदत करणाऱ्याने माल किंवा जहाज वाचवले तर वाचलेल्या किमतीतून त्याला वाटा मिळावा. काहीच वाचले नाही तर त्याचे श्रम वाया. लंडनच्या लॉइड्सने १९०८ पासून वापरात आणलेला करारनामा याच तत्त्वावर उभा आहे. या सूत्राने धाडस वाढवले, हे खरे. पण त्यातला दोष तेलवाहू जहाजांच्या काळात उघडा पडला. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅनियन’ इंग्लंडजवळ फुटले, १९७८ मध्ये ‘अमोको कादिझ’ फ्रान्सच्या किनाऱ्यावर आदळले, आणि लाखो टन तेल समुद्रात गेले. जे जहाज वाचणार नाही हे उघड आहे, त्याचे तेल आवरण्यासाठी कुणी आपली बोट आणि माणसे का धोक्यात घालावीत? १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारातल्या कलम १४ ने याचे उत्तर दिले. पर्यावरणाला धोका असलेल्या जहाजावर काम करणाऱ्याला, जहाज वाचले नाही तरी, त्याचा खर्च मिळेल. आणि हानी खरोखर टळली तर त्याहून अधिक. १९९७ मध्ये ‘नागासाकी स्पिरिट’च्या खटल्यात या खर्चात नफा धरायचा नाही असा निर्णय झाला, तेव्हा सॅल्व्हेज कंपन्या आणि विमेदारांनी १९९९ मध्ये एका वेगळ्या दरपत्रकावर सहमती केली. एका कलमाचा हा प्रवास वाचला की कायदा समुद्राकडून कसा शिकतो हे कळते. आणखी एक तरतूद नव्या वाचकाने लक्षात ठेवावी : ज्याचा जीव वाचवला त्या माणसाकडून मोबदला मागता येत नाही.

बुडालेले जहाज काढून टाकण्याची सक्ती मालकावर टाकणारा नैरोबी करार २००७ मध्ये झाला. भारत त्यात २०११ मध्ये सामील झाला आणि करार १४ एप्रिल २०१५ रोजी अमलात आला. देशात १९०८ चा बंदर कायदा आणि १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा यांवर दीर्घकाळ काम चालले. २०१७ च्या नाविक अधिकारिता कायद्याने सॅल्व्हेजचे दावे मुंबईसह किनारी उच्च न्यायालयांकडे स्पष्टपणे सोपवले, आणि २०२५ मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा संसदेने मंजूर केला. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला येथे पुढची कित्येक वर्षे पुरेल इतके काम आहे.

कायद्याची खरी परीक्षा बंदराच्या तोंडाशी होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबईकडे येणारे ‘खलिजिया’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’वर १,२१९ कंटेनर होते, त्यांतल्या ३१ मध्ये कीटकनाशके. जहाज एका अंगाला कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. कोणत्या कंटेनरमध्ये काय आहे आणि तो तळाशी कोठे पडला आहे, हे कळल्याशिवाय एकही जहाज सुरक्षितपणे आत आणता येत नव्हते. त्या ऑगस्टमध्ये मुंबईकरांना माशांची भीती वाटू लागली आणि कोळी बांधवांचा धंदा बसला. सॅल्व्हेज हा केवळ मालक आणि विमेदार यांच्यातला व्यवहार नाही, हे त्या महिन्याने दाखवून दिले.

आता खजिन्याकडे येऊ, कारण वाचकाचे कुतूहल तेथे असतेच. १९४२ मध्ये मुंबईहून चांदीची नाणी घेऊन निघालेले ‘सिटी ऑफ कैरो’ त्या वर्षीच्या ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवले. ते ५,१५० मीटर खोलीवर होते. तरीही २०१३ पर्यंत त्यातली बरीच चांदी वर आली. त्याच नोव्हेंबरात ‘तिलावा’ हे जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. २३ तारखेला जपानी पाणबुडीने ते बुडवले आणि २८० माणसे गेली. प्रवाशांत बहुतेक भारतीय होते. त्यातल्या चांदीच्या २,३६४ विटा २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने काढल्या. चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारसाठी चालली होती. कंपनीने मोबदला मागितला तेव्हा ८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेला सार्वभौम राष्ट्र म्हणून संरक्षण आहे, असा निर्णय दिला. चांदीवर इतका काथ्याकूट झाला, पण त्या जहाजावर गेलेल्या माणसांच्या वारसांचा आवाज त्या खटल्यात कोठेच नव्हता.

‘सिटी ऑफ कैरो’ आणि ‘राक कॅरियर’ शेजारी ठेवून पाहा. पाच किलोमीटर खोलीवरची चांदी वर येते, आणि मुंबईजवळच्या उथळ समुद्रातला कोळसा तळाशी राहतो. काय वर येणार हे पाण्याच्या खोलीवर ठरत नाही, मालाच्या भावावर ठरते. या विद्याशाखेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे हा नियम बदलण्याची धडपड आहे : जे मौल्यवान आहे तेवढेच काढायचे, येथून जे घातक आहे ते आधी काढायचे, येथवर येण्याची. ती धडपड अजून पूर्ण झालेली नाही.

काही वेळा न काढणे हेच शहाणपण असते, हेही सांगायला हवे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने सुंची खडकाजवळच्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. हस्तिदंत, पाणघोड्यांचे दात, चिनी मातीची भांडी आणि तोफा तेथे मिळाल्या. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या दुसऱ्या जहाजात कौले, फरशा आणि विटा होत्या. त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ चा शिक्का होता. त्या शिक्क्याने जहाजाचा काळ आणि मालाचा उगम दोन्ही सांगितले. फरशीला बाजारात भाव नाही. पण ती कोठे, कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती ही माहिती अनमोल आहे, आणि घाईने ओढून काढली तर ती कायमची जाते. पुरातत्त्वज्ञ आणि सॅल्व्हेज कंपनी यांच्यातला वाद येथे आहे, आणि वाचकाने दोन्ही बाजू नीट ऐकाव्यात.

शेवटी माणसांकडे. केरळातल्या बेपूरचे मापिला खलाशी दोर, कप्पी, चक्री आणि एकसुरात घातलेली हाक यांच्या बळावर अवजड ओझी हलवतात. जुलै १९८८ मध्ये पेरुमण येथे रेल्वेचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते काढण्यात याच खलाशांचा हात होता. आपल्या कोकणातही तांडेल, सारंग आणि गोदीतले पाणबुडे यांच्याकडे असे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते कागदावर उतरवण्याचे काम कुणा एका संस्थेचे नाही. रत्नागिरीपासून उरणपर्यंतच्या कोणत्याही महाविद्यालयाला ते हाती घेता येईल.

या विषयात येणाऱ्याने कोठून सुरुवात करावी? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तरंगण्याच्या गणितापासून, कायद्याच्या विद्यार्थ्याने कलम १४ आणि ‘राक कॅरियर’च्या निकालापासून, इतिहासाच्या विद्यार्थ्याने १९४४ च्या त्या सात महिन्यांपासून. पण कोणीही आपल्याच दालनात बसून राहू नये. हॉट टॅपिंग न कळणारा वकील आणि विमा न कळणारा अभियंता, दोघांचेही काम अर्धवट राहते.

आणि विद्यार्थी नसलेल्या वाचकाला एक विनंती. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनर घेऊन बुडाले; प्लास्टिकचे दाणे केरळच्या किनाऱ्यावर येऊन पडले. अशी बातमी पुन्हा येईल. तेव्हा माणसे वाचली का, हे आधी विचारा. मग त्यात काय होते, त्यातले किती अजून खाली आहे आणि ते काढण्याचा खर्च कोण देणार, हेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. बुडालेल्या जहाजाची जबाबदारी पाण्याखाली जात नाही. ती विचारणारे लोक असतील तोवरच ती निभावली जाते.